उसाचा टन मोजता, मूलही मोजा

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सन्माननीय सदस्यांस,



डिसेंबरात आपले हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. नेमक्या त्याच दिवसांत बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव, नांदेड या जिल्ह्यांतली लाखो माणसे घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेली असतात. गाळप हंगाम ऐन भरात असतो. कारखाने किती सुरू आहेत, ऊस किती टन गाळला, साखर किती झाली, उतारा किती पडला, याचा अहवाल पुण्याच्या साखर आयुक्तालयात रोजच्या रोज तयार होतो. उतारा तर दशांश चिन्हापुढे दोन अंकांपर्यंत दिलेला असतो. मात्र आज त्या फडांवर आईबापांबरोबर किती मुले आहेत आणि त्यांतली किती शाळेत गेली, याचा खात्रीचा आकडा सरकारपाशी नाही.

तो आकडा आपण मागावा, दरवर्षी मागावा, आणि तो मिळेपर्यंत प्रश्न सोडू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी मराठवाड्यात शिक्षणाचे काम करते. ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांशी आणि त्यांच्या शिक्षकांशी माझा नित्याचा संबंध आहे. मुलांच्या हक्कांवर भाषणे पुष्कळ होतात. पण ते हक्क धोरणात उतरतात कसे, याचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे, आणि तो आपल्यापुढे मांडणे मला आज गरजेचे वाटते.

पुरावा हाती घेऊन मुलांच्या वतीने सत्तेपुढे उभे राहणे ही या मातीतली जुनी रीत आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. त्यात दयेची याचना नव्हती, हिशेब होता. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, हे त्यांनी दाखवून दिले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात आणले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. देशभरासाठी हा हक्क राज्यघटनेत यायला २००२ साल उजाडले, आणि शिक्षण हक्क कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. फुल्यांच्या निवेदनापासून १२८ वर्षांनी.

एवढी वर्षे लागली, कारण ज्याचा हक्क आहे ते मूल स्वतः मोर्चा काढत नाही, मत देत नाही, आणि दहा वर्षांत मोठे होऊन जाते. त्याची जागा नवे मूल घेते आणि मागणी पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते. म्हणून कुणीतरी मोजत राहावे लागते आणि मोजलेले घेऊन दारोदार जावे लागते.

हे नीट केले तर काय होते, ते गडचिरोलीने दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. मुले मरतात हे सगळ्यांना माहीत होते. किती मरतात, कोणत्या वयात, कशाने आणि काय केले तर वाचतात, हे कुणाला ठाऊक नव्हते. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या सुईणीला लिहिता-वाचता येत नव्हते. मग तिच्यासाठी एक साधे उपकरण तयार झाले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी ओवलेले मणी, त्यांतला शेवटचा लाल. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. दहापर्यंत मोजता येणारी बाई अशा रीतीने रोगनिदान करू लागली.

पुढचा प्रश्न नवजात बाळांचा होता. १९९३ ते १९९५ या काळात अभ्यासातल्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिला महिनाही पाहत नव्हती. ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले गेले. बाळाचे वजन घेणे, त्याला उबेत ठेवणे, आईला पाजायला मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि वेळ आली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सगळे त्या घरी जाऊन करू लागल्या. तुलनेसाठी शेजारची ४७ गावे निवडली होती. आरोग्यदूतांच्या गावांत तिसऱ्या वर्षी हा मृत्युदर २५.५ वर आला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले.

एवढ्यावर भागले असते तर जगभरच्या तज्ज्ञांनी वाखाणलेला एक लेख आपल्याला मिळाला असता आणि गडचिरोलीबाहेरच्या बाळाला त्याचा काही उपयोग झाला नसता. पुढचे काम वेगळ्या जातीचे होते. राज्यातल्या १३ संस्था एकत्र आल्या. त्यांनी वेगवेगळ्या भागांतली २३१ गावे आणि ६ शहरी वस्त्या निवडून घरोघर जन्म-मृत्यू नोंदवले. २००१ साली त्यांचा अहवाल मराठीत आला, ‘कोवळी पानगळ’ या नावाने. महाराष्ट्रात दरवर्षी अंदाजे पावणेदोन लाख बालके मरतात आणि सरकारी नोंदीत त्यांतले फारच थोडे मृत्यू दिसतात, असे त्यात मांडले होते. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला ते झोंबले. वर्तमानपत्रांनी विषय उचलला, सभागृहात त्यावर खडाजंगी झाली, आणि अखेर राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. टीकाकारालाच मोजणीची जबाबदारी देणे हा त्या वेळच्या शासनाचा मोठेपणा होता, आणि तो मी इथे मुद्दाम नोंदवते.

गडचिरोलीत तपासलेली घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत देशभर लागू झाली. दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. बाळाला झोळीत घालून काटा लावते, ताप पाहते, आईशी बोलते. आपल्या मतदारसंघातल्या प्रत्येक गावात हे चालते. २००० साली महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी ४८ होता, २०२० मध्ये तो १६ झाला. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, लसीकरण वाढले, रस्ते झाले, मुली शिकल्या. हे सगळे त्या घसरणीमागे आहे, आणि घरी येणारी आशाताईही आहे.

या कामात दोन गोष्टी जोडीने चालल्या. मृत्यू कागदावरून न मोजता घरात जाऊन मोजले आणि उपाय आधी गावात तपासून पाहिला, ही एक. आकडे लोकांच्या भाषेत लोकांपुढे व लोकप्रतिनिधींपुढे ठेवले आणि त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, ही दुसरी. नुसता अभ्यास झाला असता तर कपाटात गेला असता. नुसती मागणी झाली असती तर ‘बघू’ म्हणून परत पाठवली गेली असती. शाळेतल्या शिजवलेल्या अन्नाचेही असेच झाले. अन्नाच्या अधिकाराची याचिका २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. तो कागदावर राहू नये म्हणून कार्यकर्ते आणि अभ्यासक गावोगाव जाऊन शाळांतल्या चुली तपासत राहिले.

आता फडावरच्या मुलांकडे येते.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर आणि हिशेब होतो तोही कोयत्याचा. पहाटे, अंधार असतानाच जोडपे फडात शिरते. मागे कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, आठ-नऊ वर्षांची मुलगी राहते. धाकट्याला सांभाळणे, पाणी आणणे, चूल पेटवणे, भाकरी थापणे ही तिची कामे. त्याहून थोरली मुले वाढे गोळा करतात, मोळी बांधायला हात लावतात, गाडी भरताना मदत करतात. या मुलांना कुणी कामावर ठेवलेले नसते, त्यांची हजेरी लागत नाही, मजुरी वेगळी मिळत नाही. म्हणून सरकारी कागदावर ती बालमजूर ठरत नाहीत. आणि गावच्या शाळेच्या पटावर नाव असल्यामुळे ती शाळाबाह्यही ठरत नाहीत. दोन्ही याद्यांतून निसटलेले हे बालपण साधारण सहा महिने चालते आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरू होते.

त्यांच्यासाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या आणि दरवर्षी दोन लाखांच्या आसपास मुले फडावर जातात, असा अंदाज मांडला. शिक्षण हक्क कायद्यानंतर विचार बदलला. मुलाला वेगळ्या शाळेत न बसवता नियमित शाळेत घ्यावे, शक्यतो त्याला गावातच ठेवावे, असे ठरले. त्यातून हंगामी वसतिगृहे आली, शिक्षण हमी कार्ड आले, बालरक्षक शिक्षक पुढे आले. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले आणि त्याच्या निधीसाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले. संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणालीही केली.

तरीही मूल हाती का लागत नाही? कारण आपण मोजतो ते चुकीच्या महिन्यात. शाळाबाह्य मुलांची राज्यव्यापी एकदिवसीय पाहणी झाली ती ४ जुलै २०१५ रोजी. त्या दिवशी मुलांच्या बोटाला शाई लावली गेली होती. २०२२ मधली ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ मोहीमही जुलैतच झाली. शाळेची संचमान्यता, म्हणजे मंजूर शिक्षकसंख्या, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरत आली आहे. जुलैत आणि सप्टेंबरात ऊसतोड कामगाराचे मूल गावातच असते, शाळेतही असते. कुटुंबे निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे मूल जोवर घरी आहे तोवर आपण त्याला मोजतो, आणि ते निघाले की वही मिटतो. यात कुणाची लबाडी असेलच असे नाही. मोजणीची तारीख ठरवताना या मुलांचा विचार झालेला नाही, एवढे मात्र खरे.

मनावर घेतले तर मोजता येते, हे आपल्याच सभागृहाने सिद्ध केले आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पुढे आला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्याआधी ती कुजबुज होती, पाहणीनंतर ते शासनाच्या नोंदीत आलेले वास्तव झाले.

माझ्या मागणीवर आपल्याकडून तीन आक्षेप येऊ शकतात आणि तीनही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला, आकडा बाहेर आला की राज्याची बदनामी होते. ‘कोवळी पानगळ’च्या वेळीही हीच भीती होती. आज महाराष्ट्राचा उल्लेख बालमृत्यू कमी करणाऱ्या राज्यांत होतो. दुसरा, संस्था आकडे फुगवतात. कधी फुगतही असतील. म्हणूनच मोजणीची पद्धत खुली ठेवा, शासन आणि संस्था एकत्र मोजू देत आणि त्रयस्थ विद्यापीठाकडून नमुना तपासणी करून घ्या. तिसरा, शिक्षकांवर आणखी एक काम पडेल. हा आक्षेप सर्वांत खरा आहे. म्हणून मी म्हणते, हे काम शिक्षकांवर टाकूच नका. कारखान्याकडे तोडणी-वाहतुकीचे करार असतात आणि मुकादमाला आपल्या टोळीतला कोयता न् कोयता माहीत असतो. टोळीची यादी होतेच आहे. तिच्यात मुलांचा रकाना घाला.

मोजले म्हणजे सुधारले, असा माझा भाबडा समज नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३४.४ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ३५.२ टक्के निघाले. आकडा समोर असूनही आपण जागचे हललो नाही. पण निदान हललो नाही हे कळले, आणि जाब विचारता येतो. फडावरच्या मुलांच्या बाबतीत तेवढेही हातात नाही.

म्हणून चार गोष्टी मागते.

पहिली : दरवर्षी जानेवारीत, हंगाम भरात असताना, प्रत्येक कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या कोप्यांवर जाऊन अठरा वर्षांखालच्या मुलांची नावनिशीवार नोंद व्हावी. वय, मूळ गाव, मूळ शाळा किंवा अंगणवाडी आणि सध्या मूल कुठे शिकायला जाते, एवढे पुरे. अहवाल मार्चमधल्या अर्थसंकल्पी अधिवेशनात पटलावर यावा. मुलांची नावे गुप्त राहावीत, पण तालुकानिहाय आकडे सर्वांना खुले असावेत.

दुसरी : साखर आयुक्त दर हंगामाला गाळप परवाना देतात. त्या परवान्याच्या अटींत मुलांची यादी, फडाजवळ पाळणाघर आणि जवळच्या शाळेपर्यंत वाहन यांचा समावेश व्हावा.

तिसरी : हंगामी वसतिगृहे दसऱ्याआधी सुरू व्हावीत. कुटुंब निघून गेल्यावर उघडलेले वसतिगृह त्या वर्षापुरते निरुपयोगी असते. आईबापांनी आजी-आजोबांच्या भरवशावर मूल मागे ठेवावे की बरोबर न्यावे, हा निर्णय गाडी भरायच्या आधी होतो.

चौथी : मुलांना विचारा. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. तिच्या बाराव्या अनुच्छेदानुसार मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते ऐकले जाण्याचा हक्क आहे. वसतिगृहात का राहवत नाही, नव्या शाळेत का जावेसे वाटत नाही, मुलीला संध्याकाळी कशाची भीती वाटते, याची उत्तरे मोठ्यांच्या अहवालांत सापडत नाहीत. राज्य बालहक्क आयोगाने हंगामात निदान काही फडांवर बसून मुलांची सुनावणी घ्यावी, आणि त्यासाठी आयोगातली पदे रिकामी राहू नयेत.

यांतले पहिले पाऊल टाकायला नवा कायदा लागत नाही, तारांकित प्रश्न पुरतो. मसुदा असा असू शकेल : “चालू गाळप हंगामात राज्यातील प्रत्येक साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात ऊसतोड कामगारांची अठरा वर्षांखालील किती मुले आहेत, त्यांपैकी किती आज शाळेत वा अंगणवाडीत जातात, ही माहिती शासनाने कोणत्या तारखेला व कशी गोळा केली, आणि गोळा केली नसल्यास ती केव्हा करणार?”

उत्तर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे आले, तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा विचारा. अभ्यासकांनी अभ्यास करावा, कार्यकर्त्यांनी पाठपुरावा करावा, ते आम्ही करत राहू. पण शासनाला उत्तर देणे भाग पाडण्याचा अधिकार राज्यघटनेने आपल्याला दिला आहे, आम्हाला नाही. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. या ३६६ जणांपैकी एकाने सही केली तरी प्रश्न दाखल होतो. ती सही आपण करावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
मराठवाड्यातील एक शिक्षण कार्यकर्ती